गुलाम आईचा मुलगा, मळ्यांचा मालक, विधिमंडळाचा सभासद: जमैकाच्या जॉर्ज विल्यम गॉर्डन यांना फाशी का झाली?

आमच्या रविवारच्या अभ्यासवर्गात जगातल्या गुलामगिरीविरोधी लढ्यांवर बोलणे सुरू होते. महात्मा फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली आणि ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली, हे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. पण गुलामी कायद्याने संपल्यावर त्या माणसांचे पुढे काय झाले? जमीन कुणाकडे राहिली, मत कुणाला मिळाले, न्यायाधीशाच्या खुर्चीत कोण बसले? हा प्रश्न निघाला तेव्हा आम्ही जमैकाच्या जॉर्ज विल्यम गॉर्डन यांचे नाव घेतले. एका तरुण कार्यकर्तीने लगेच विचारले, "पण ते तर जमीनदार होते ना? मळेवाल्याचे चरित्र आपण कशाला वाचायचे?"

प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही, म्हणून हा लेख.

जमैका हे कॅरिबियन समुद्रातले बेट. १६५५ साली इंग्रजांनी ते स्पेनकडून घेतले आणि पुढची पावणेदोनशे वर्षे आफ्रिकेतून पकडून आणलेल्या माणसांच्या घामावर तिथे ऊस पिकवला. साखर इंग्लंडला जाई, पैसाही इंग्लंडला जाई. बरेच मालक बेटावर राहतही नसत. मळ्याचा कारभार त्यांचे मुखत्यार पाहत. असाच एक मुखत्यार म्हणजे स्कॉटलंडहून आलेला जोसेफ गॉर्डन. तो दुसऱ्यांचे मळे सांभाळता सांभाळता स्वतः मळेवाला झाला आणि बेटाच्या विधिमंडळातही बसला. ॲन रॅट्रे या गुलाम स्त्रीपासून त्याला मुले झाली. त्यातले एक जॉर्ज विल्यम. त्यांचा जन्म १८२० च्या सुमारास झाला.

इथे कायदा समजून घेतला पाहिजे. बाप कोण, याला किंमत नव्हती. आई गुलाम तर मूल गुलाम. म्हणजे विधिमंडळात बसणाऱ्या माणसाचा मुलगा जन्मतः त्याच माणसाची मालमत्ता होता. जोसेफने पुढे या मुलाला मुक्त केले, पण शाळेत घातले नाही. लिहिणे, वाचणे, हिशेब हे जॉर्ज यांनी स्वतःच्या स्वतः शिकून घेतले. दहाएक वर्षांचे असताना त्यांना ब्लॅक रिव्हर या गावी त्यांच्या धर्मपित्याकडे राहायला पाठवले, आणि तिथे ते व्यापार शिकले.

१ ऑगस्ट १८३४ रोजी ब्रिटिश साम्राज्यात गुलामी रद्द झाली. लगेच मोकळीक मात्र मिळाली नाही. 'उमेदवारी' या गोंडस नावाखाली लोकांना आणखी चार वर्षे जुन्याच मालकाकडे बिनपगारी राबावे लागले. खरे स्वातंत्र्य आले १८३८ मध्ये. ब्रिटिश सरकारने नुकसानभरपाई म्हणून दोन कोटी पौंड वाटले, पण ते गुलामांना नाही, मालकांना. ज्याने पिढ्यान्‌पिढ्या फुकट राबवून घेतले त्याचे 'नुकसान' भरून दिले गेले. ज्याने राबायचे काम केले त्याला एक पै मिळाली नाही, एक गुंठाही मिळाला नाही.

या काळात जॉर्ज गॉर्डन तरुण होते. १८३६ च्या सुमारास त्यांनी किंग्स्टन शहरात शेतमालाचा व्यापार सुरू केला आणि तो चांगला चालला. कमाईतून त्यांनी बहिणींना शिक्षणासाठी युरोपात पाठवले. लुसी शॅनन या गोऱ्या स्त्रीशी लग्न केले. १८४४ मध्ये जमैकात परस्पर विम्याची जी संस्था निघाली तिच्या संस्थापकांत ते होते. पुढे ते विधिमंडळात निवडून गेले, अनेक पॅरिशमध्ये मॅजिस्ट्रेट झाले. पॅरिश म्हणजे आपल्या तालुक्यासारखा विभाग समजा. त्यांनी मळे विकत घेतले, काही खंडाने घेतले. बापाचा धंदा बुडाला तेव्हा त्याची देणी फेडून चेरी गार्डन ही इस्टेट वाचवली तीही या मुलानेच. त्याच बापाने नंतर एका गोऱ्या स्त्रीशी लग्न केले होते आणि या मुलाला त्या घरात मानाने प्रवेश नव्हता, असे त्यांच्या जवळच्यांनी लिहून ठेवले आहे.

हे सगळे वाचताना आमच्याही मनात तीच शंका येते जी त्या कार्यकर्तीच्या मनात आली. माणूस वर चढला, जमीनदार झाला, गोऱ्यांच्या सभागृहात बसला. अशी माणसे आपण पाहिली आहेत. शिडी चढून झाली की पहिले काम शिडी ओढून घेण्याचे. जमैकातही मिश्रवर्णीयांचा एक मोठा थर तसाच होता. गोऱ्यांच्या खाली आणि काळ्यांच्या वर असा तो मधला थर. व्यापार, वकिली, वृत्तपत्रे यांत पुढे आलेला. त्यातल्या बऱ्याच जणांना आपली गणना गोऱ्यांत व्हावी असे वाटे, आणि काळ्या मजुरांची भीती गोऱ्यांइतकीच वाटे.

गॉर्डन यांचा रस्ता वेगळा पडला. तो का पडला याचे एकच कारण सांगता येणार नाही. धर्म हे एक. ते अँग्लिकन चर्चमधून बाहेर पडून बॅप्टिस्ट झाले आणि पुढे गरीब काळ्या शेतकऱ्यांच्या 'नेटिव्ह बॅप्टिस्ट' मंडळ्यांशी जोडले गेले. अँग्लिकन चर्च हे सरकारी चर्च होते, करदात्यांच्या पैशावर चालणारे. नेटिव्ह बॅप्टिस्ट मंडळ्या लोकांच्या स्वतःच्या होत्या. सरकारचा अंमल नाही, गोऱ्या पाद्र्याचा पगार नाही. तिथे प्रार्थनेबरोबर मजुरी, कर आणि कोर्टकचेरी यांवरही बोलणे होई. सेंट थॉमस-इन-द-ईस्ट या पॅरिशमध्ये स्टोनी गट नावाचे डोंगराळ खेडे आहे. तिथले पॉल बोगल हे स्वतःची थोडी जमीन कसणारे काळे शेतकरी. गॉर्डन यांनी त्यांना मंडळीचे डीकन केले. १८६३ मध्ये गॉर्डन याच पॅरिशमधून विधिमंडळावर निवडून आले, ते बोगल यांच्यासारख्या लहान शेतकऱ्यांनी जमवलेल्या मतांवर.

जमिनीबाबतही त्यांनी मळेवाल्यांची रीत मोडली. आपल्या जमिनीचे लहान तुकडे पाडून त्यांनी ते गरीब शेतकऱ्यांना कमी दरात विकले, आणि त्यांचा माल बऱ्या भावाने विकला जावा म्हणून विक्रीची व्यवस्था लावली. यात व्यापाऱ्याचा हिशेब मुळीच नव्हता असे आम्ही म्हणणार नाही. ते व्यापारीच होते, त्यांच्या मळ्यांवर कर्जेही होती. पण बाकीचे मळेवाले पडीक जमीन पडीक ठेवत होते, ती लोकांना मिळू देत नव्हते. जमीन मिळाली की माणूस मजुरीला येणार नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

हाच सगळ्या गोष्टीचा गाभा आहे. १८३८ नंतर मुक्त झालेली माणसे मळे सोडून डोंगरात गेली आणि स्वतःचे कंद, केळी, भाजी पिकवू लागली. मळेवाल्यांना मजूर हवे होते, तेही स्वस्त. त्यांनी तीन बाजूंनी कोंडी केली. पहिली कराची: गाढव, खेचर, गाडी अशा लहान शेतकऱ्याच्या गरजेच्या वस्तूंवर कर. दुसरी कोर्टाची: मजुरीचा तंटा किंवा अतिक्रमणाचा खटला ज्या मॅजिस्ट्रेटपुढे जाई, तो बहुधा मळेवालाच असे किंवा त्याचा मुखत्यार. तिसरी बाजू आपल्याशी थेट जोडलेली आहे. त्यांनी भारतातून गिरमिटिया मजूर आणले. १८४५ च्या मे महिन्यात 'ब्लंडेल' नावाच्या जहाजातून भारतीय मजुरांची पहिली तुकडी जमैकात उतरली. १९१७ पर्यंत सुमारे ३६ हजार माणसे अशी नेली गेली. काळ्या मजुराची मजुरी पाडण्यासाठी आपल्याकडचा भुकेला माणूस वापरला गेला, आणि त्याला आणण्याच्या खर्चाचा वाटा काळ्या लोकांनी भरलेल्या करातूनही गेला.

मताचा अधिकारही तसाच. मतदार व्हायला मालमत्ता किंवा कर भरल्याचा दाखला लागे. बेटाची लोकसंख्या सव्वाचार लाखांहून अधिक, त्यात गोरे अगदी थोडे. पण मतदान करणाऱ्यांची संख्या दोन हजारांच्या आसपास. सत्तेचाळीस जणांचे विधिमंडळ या मूठभरांनी निवडलेले. गुलामी गेली, कायद्यापुढे सगळे समान झाले, आणि कायदा करणारे मात्र तेच राहिले.

आता एडवर्ड आयर याच्याकडे वळू. हा जमैकाचा गव्हर्नर. ऑस्ट्रेलियातले वाळवंट पायी ओलांडणारा शोधक म्हणून त्याचे नाव झाले होते. तिथल्या आदिवासींचा 'संरक्षक' म्हणूनही त्याने काम केले होते आणि तेव्हा तो बऱ्यापैकी सहृदय मानला जाई. १८६२ मध्ये तो जमैकात हंगामी कारभार पाहायला आला. त्याच वर्षी गॉर्डन यांची आणि त्याची पहिली ठिणगी पडली. मोरांट बे या पॅरिशच्या मुख्य गावी एका आजारी गरीब माणसाला कोठडीत टाकले होते. कोठडीची अवस्था घाणेरडी होती आणि तो माणूस मेला. गॉर्डन मॅजिस्ट्रेट होते. त्यांनी वर लेखी तक्रार केली. चौकशी झाली आणि तिचा शेवट असा झाला की आयरने तक्रार करणाऱ्या मॅजिस्ट्रेटलाच काढून टाकले. लंडनच्या वसाहत खात्याने तो निर्णय कायम ठेवला.

गॉर्डन यांनी माघार घेतली नाही. विधिमंडळात ते गव्हर्नरवर इतके तिखट बोलत की सभागृहातले मळेवाले अस्वस्थ होत. पॅरिशचा स्थानिक कारभार पाहणाऱ्या 'व्हेस्ट्री' या मंडळावर ते निवडून आले, तर तिथल्या मुख्य मॅजिस्ट्रेटने, बॅरन फॉन केटेलहोट याने, ते सरकारी चर्चचे नाहीत असे म्हणून त्यांना बाहेर काढले. गॉर्डन कोर्टात गेले. निवडून या, बाहेर काढले जा, दावा लावा, पुन्हा निवडून या असे बराच काळ चालले. हा भाग फारसा नाट्यमय नाही, पण कार्यकर्त्यांनी तो नीट पाहावा. हा माणूस प्रत्येक वेळी अर्ज, दावा, ठराव, सभा आणि मत हीच साधने वापरत होता. पुढे त्यांच्यावर बंडाच्या कटाचा आरोप आला म्हणून हे सांगणे गरजेचे आहे.

१८६५ हे वाईट वर्ष होते. पावसाने दगा दिला होता. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे बाहेरून येणारे धान्य आणि कापड महाग झाले होते. साखरेचा धंदा बसला होता, कामे नव्हती. जानेवारीत लंडनच्या बॅप्टिस्ट मिशनचे एडवर्ड अंडरहिल यांनी वसाहत मंत्र्याला पत्र लिहून जमैकातल्या लोकांची उपासमार, अन्यायी कर आणि कोर्टाची अवस्था मांडली. ते पत्र आयरकडे आले, छापले गेले, आणि बेटभर त्यावर सभा सुरू झाल्या. लोक त्यांना 'अंडरहिल सभा' म्हणत. गॉर्डन या सभांत बोलले. ऑगस्टमध्ये मोरांट बेच्या सभेतही बोलले.

दरम्यान सेंट ॲन पॅरिशच्या गरीब लोकांनी थेट राणी व्हिक्टोरियाला अर्ज केला होता: सरकारी पडीक जमीन द्या, आम्ही कसून खंड भरू. उत्तर आले. त्याचा मथितार्थ असा, की मजुरीसाठी नेटाने काम करा, तुमची भरभराट तुमच्याच कष्टाने होईल. जमिनीबद्दल एक शब्द नाही. आयरने हे उत्तर 'राणीचा सल्ला' म्हणून छापून बेटभर भिंतींवर लावले आणि चर्चमधून वाचायला लावले. जमीन मागणाऱ्याला कष्टाचे प्रवचन देण्याची ही रीत आपल्याला नवी वाटू नये.

मोरांट बेच्या सभेनंतर पॉल बोगल आणि त्यांचे सोबती गव्हर्नरला गाऱ्हाणे सांगायला स्पॅनिश टाउनला पायी गेले. सुमारे ४५ मैल, म्हणजे ७० किलोमीटरहून अधिक. आयरने त्यांना भेट दिली नाही. ते परत आले.

७ ऑक्टोबर १८६५ रोजी मोरांट बेच्या कोर्टात खटले चालू असताना गोंधळ झाला. त्यावरून बोगल यांच्या अटकेचे वॉरंट निघाले. पोलीस स्टोनी गटला गेले तर गावकऱ्यांनी त्यांना पिटाळून लावले. ११ ऑक्टोबरला बोगल शेकडो लोकांसह मोरांट बेला आले. कोर्टाच्या इमारतीत व्हेस्ट्रीची सभा चालू होती, बाहेर हत्यारबंद स्वयंसेवकांची तुकडी उभी होती. दगड आले, गोळ्या सुटल्या, सात जण जागीच पडले. त्यानंतर जमाव थांबला नाही. कोर्टाला आग लावली गेली. बॅरन केटेलहोट आणि इतर मिळून अठरा जण मारले गेले.

हे अठरा मृत्यू आम्ही झाकणार नाही. पण पुढे जे झाले ते दंगल शमवणे नव्हते.

१३ ऑक्टोबरला आयरने बेटाच्या पूर्वेकडच्या सरी परगण्यात लष्करी कायदा पुकारला. किंग्स्टन शहर मात्र त्यातून वगळले. पुढच्या महिनाभरात कुठेही संघटित प्रतिकार झाला नाही. सैन्याची मोठी हानी झाली नाही. तरीही ४३९ माणसे मारली गेली. त्यातली ३५४ जणांची फाशी किंवा गोळी ही लष्करी न्यायालयाच्या निकालाने होती, बाकीच्यांना निकालाचे सोंगही मिळाले नाही. ६०० जणांना फटके मारले, त्यांत स्त्रियाही होत्या. बाथ या गावी चाबकाच्या दोऱ्यांत तार गुंफलेली होती. हजार घरे जाळली. हे आकडे कुणा चळवळीच्या पत्रकातले नाहीत. ब्रिटिश सरकारने नेमलेल्या शाही आयोगाने १८६६ मध्ये हेच आकडे दिले.

गॉर्डन या काळात कुठे होते? किंग्स्टनजवळ, आपल्या घरी. ११ तारखेला तब्येत बरी नसल्याने ते व्हेस्ट्रीच्या सभेला गेले नव्हते. हे न जाणेच त्यांच्याविरुद्ध पुरावा ठरले: ज्याला कट ठाऊक, तो कशाला जाईल? गेले असते तर जमावाबरोबर होते असे म्हटले असते. आपल्या नावाचे वॉरंट आहे हे कळल्यावर १७ ऑक्टोबरला ते स्वतः सेनापतीच्या निवासस्थानी जाऊन हजर झाले.

आता नीट पाहा. किंग्स्टनमध्ये लष्करी कायदा नव्हता. तिथली कोर्टे चालू होती. गॉर्डन यांच्यावर आरोप असता तर न्यायाधीश होते, ज्यूरी होती, वकील होते. पण पुरावा नव्हता, आणि हे आयरला ठाऊक होते. म्हणून त्याने गॉर्डन यांना 'वुल्व्हरिन' या युद्धनौकेवर चढवले आणि समुद्रमार्गे मोरांट बेला नेले, म्हणजे जिथे लष्करी कायदा होता तिथे. माणूस कायद्याकडे नेला नाही, कायद्याबाहेर नेला. अनुयायांना फाशी देऊन खऱ्या चिथावणीखोराला मोकळे सोडणे अन्यायाचे झाले असते, असे समर्थन त्याने नंतर केले.

२१ ऑक्टोबरला, शनिवारी, खटला चालला. न्यायासनावर तीन तरुण कनिष्ठ अधिकारी बसले, अध्यक्ष नौदलाचा लेफ्टनंट ब्रँड. आरोप राजद्रोह आणि बंडखोरांशी संगनमत. वकील नाही. काही जबान्या केवळ कागदावर वाचून दाखवल्या, साक्षीदाराला उलट विचारण्याची सोय नाही. पुराव्याचा सार इतकाच की गॉर्डन सभांत कडक बोलले होते, बोगल त्यांच्या ओळखीचे होते आणि दोघांत पत्रव्यवहार होता. शिक्षा फाशी. रविवारी फाशी द्यायची नाही म्हणून एक दिवस थांबले. २३ ऑक्टोबरला सकाळी जनरल नेल्सनने त्यांना सांगितले की तासाभरात फाशी आहे. त्या तासात गॉर्डन यांनी पत्नीला पत्र लिहिले. त्यात ते म्हणतात की बंडात आपला हात नाही, लोकांना आपण कायदेशीर मार्गाने दाद मागायला सांगितले, आणि शिक्षा आपल्याला अपेक्षित नव्हती. कुणाला निरोप द्यायचा, हेही त्यात आहे. जळालेल्या कोर्टाच्या दर्शनी भागावरच त्यांना फाशी दिली. दुसऱ्या दिवशी, २४ तारखेला, पॉल बोगल यांना फाशी झाली.

बातमी इंग्लंडला पोहोचली आणि तिथले शिकलेले लोक दोन गटांत फुटले. आयरवर खुनाचा खटला भरावा म्हणून जमैका समिती निघाली. तिचे नेतृत्व जॉन स्टुअर्ट मिल यांनी केले. चार्ल्स डार्विन, थॉमस हक्स्ले, हर्बर्ट स्पेन्सर त्यांच्या बाजूला. आयरच्या बाजूला थॉमस कार्लाइल, जॉन रस्किन, चार्ल्स डिकन्स आणि राजकवी टेनिसन. ज्यांच्या कादंबऱ्यांत लंडनच्या गरीब पोरांसाठी आपण रडतो, त्या डिकन्सचे नाव या यादीत पाहून आमच्यापैकी काहींना धक्का बसला. मिल यांनीही आयुष्यातली पस्तीस वर्षे ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडन कचेरीत, भारताच्या कारभाराचे खलिते लिहिण्यात घालवली होती, हेही लक्षात ठेवावे. माणसे एका रंगाची नसतात.

शाही आयोगाने गॉर्डन यांच्याबद्दल स्पष्ट लिहिले: त्यांच्या भाषणांनी लोकांच्या मनात असंतोष वाढला असेल, पण मोरांट बेच्या उठावात किंवा सरकारविरुद्धच्या कटात ते सामील होते याला पुरेसा पुरावा नाही. आयोगाने आयरच्या सुरुवातीच्या तत्परतेचे कौतुक केले आणि नंतरच्या शिक्षा अतिरेकी ठरवल्या. आयरचे पद गेले. १८६७ मध्ये नेल्सन आणि ब्रँड यांच्यावर खुनाचा आरोप लंडनच्या ग्रँड ज्यूरीपुढे आला. मुख्य न्यायाधीश कॉकबर्न यांनी तासन्‌तास बोलून ज्यूरीला समजावले की ज्या पुराव्यावर गॉर्डन यांना फाशी दिली तो कुठल्याही नीट कोर्टात टिकला नसता. ज्यूरीने तरीही आरोप नाकारला. १८६८ मध्ये आयरच्या बाबतीतही तेच झाले. नंतर त्याचा खटल्याचा खर्च सरकारने भरून दिला आणि त्याला निवृत्तिवेतनही मिळाले. १९०१ मध्ये तो वार्धक्याने वारला.

या सगळ्या चर्चेत एक गोष्ट आम्हाला खटकते. मारले गेले ४३९, पण इंग्लंडमधला वाद मुख्यतः एका माणसाभोवती फिरला. का? कारण गॉर्डन मालमत्ता असलेले होते, विधिमंडळाचे सभासद होते, इंग्रजी उत्तम लिहीत होते, पत्नी गोरी होती. इंग्लंडच्या मध्यमवर्गाला त्यांच्या जागी स्वतःला कल्पिता येत होते. आज याला फाशी दिली, उद्या आपल्याला देतील, ही भीती खरी होती. स्टोनी गटच्या शेतमजुराच्या जागी त्यांना स्वतःला पाहता येत नव्हते. त्या बाकीच्यांपैकी बहुतेकांची नावेही लंडनच्या वर्तमानपत्रांत आली नाहीत. मळेवाल्याचे चरित्र वाचायचे ते यासाठीही, की जमीन आणि पद असलेल्या माणसाचे जर असे झाले, तर त्याच आठवड्यात त्याच तंबूत उभ्या केलेल्या बाकीच्यांच्या खटल्याला किती मिनिटे लागली असतील याचा अंदाज येतो.

अशा एकाने मात्र दाद मागितली. फिलिप्स नावाच्या जमैकन माणसाला त्या दिवसांत पकडून फटके मारले होते. त्याने इंग्लंडच्या कोर्टात आयरवर नुकसानभरपाईचा दावा लावला. पण जमैकाच्या विधिमंडळाने आधीच कायदा करून ठेवला होता, की लष्करी कायद्याच्या काळात अधिकाऱ्यांनी सद्‌हेतूने जे जे केले ते सर्व कायदेशीर मानावे. ज्या सभागृहाचा एक सभासद फासावर गेला, त्याच सभागृहाने फास लावणाऱ्यांना माफी दिली. १८७० मध्ये निकाल लागला: कायदा वैध, दावा फेटाळला. 'फिलिप्स विरुद्ध आयर' हा खटला कायद्याचे विद्यार्थी आजही शिकतात. आपल्याकडे अमृतसरच्या जालियनवाला बागेनंतर १९१९ मध्ये अधिकाऱ्यांना वाचवणारा असाच इंडेम्निटी ॲक्ट झाला. आणि भारतीय संविधानाचा अनुच्छेद ३४ उघडून पाहा. लष्करी कायदा असलेल्या भागात सुव्यवस्था राखण्यासाठी केलेल्या कृतींबद्दल अधिकाऱ्यांना दायित्वातून मोकळे करण्याचा अधिकार तो संसदेला देतो. कायदा शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनी हा अनुच्छेद आणि हा खटला शेजारी ठेवून वाचावेत. पुढच्या एखाद्या रविवारी त्यावर स्वतंत्र बोलू.

त्या सभागृहाचे पुढे काय झाले? डिसेंबर १८६५ मध्ये आयरने सभासदांना काळ्यांच्या बंडाची भीती घातली आणि त्यांनी स्वतःच आपले विधिमंडळ बरखास्त करण्याला संमती दिली. गोऱ्यांनी दिली, आणि मधल्या थरातल्या बऱ्याच मिश्रवर्णीयांनीही दिली. थोडाफार का होईना, काळ्या शेतकऱ्यांच्या मतावर गॉर्डन यांच्यासारखा माणूस निवडून येऊ शकतो हे १८६३ मध्ये दिसले होते. ते दार बंद करायचे तर दारासकट घर पाडायला ते तयार झाले. १८६६ पासून बेटावर थेट लंडनचा अंमल आला. जमैकाच्या सर्व प्रौढ स्त्रीपुरुषांना मत मिळाले ते १९४४ मध्ये.

गॉर्डन आणि इतरांची प्रेते कोर्टामागच्या खंदकात एकत्र पुरली गेली. शंभर वर्षांनी, १९६५ मध्ये, तिथे खोदकाम झाले तेव्हा सांगाडे निघाले. त्याच वर्षी कोर्टासमोर पॉल बोगल यांचा पुतळा उभा राहिला, एडना मॅन्ली यांनी घडवलेला. १९६९ मध्ये गॉर्डन आणि बोगल दोघांनाही राष्ट्रीय वीर हा किताब देण्यात आला. किंग्स्टनमध्ये आज देशाची संसद ज्या इमारतीत भरते तिचे नाव गॉर्डन हाउस आहे, आणि दहा डॉलरच्या नाण्यावर त्यांचा चेहरा आहे. मोरांट बेचे ते कोर्ट पुन्हा बांधले गेले होते. २००७ मध्ये त्याला पुन्हा आग लागली आणि फक्त भिंती उरल्या.